दोन खेळांमधली म्हातारी

मी लहानपणापासून भित्री. लोधिवलीला संध्याकाळी लाइट गेली की मी जिथे असेन तिथेच बसून राहायचे, आई मेणबत्ती घेऊन येईपर्यंत हलायचे नाही. शेजारची माझी मैत्रीण मात्र त्याच अंधारातून आमच्या दारात यायची आणि म्हणायची, "चल गं, सगळं गाव काळं झालंय, बघून येऊ." मी कधी गेले नाही.

तरीही आम्हा दोघींना वेड लागलं ते अंधाराच्याच खेळांचं. शाळा सुटल्यावर चौकला हायवेलगतच्या एका सायबर कॅफेत आम्ही एका खुर्चीवर दोघी बसायचो. तिथल्या कंप्युटरवर दोन खेळ होते, तेव्हाही जुनेच. एकात कंदील घेऊन जमिनीखालच्या गुहांतून फिरणारी मुलगी होती. तिची बहीण हरवलेली असायची आणि दर भागात ती आणखी थोडी खोल जायची. दुसऱ्यात एक बेट, त्यावरचं दीपगृह आणि त्याचा म्हातारा रखवालदार. तिथे मारामारी नव्हती, पळापळ नव्हती. कोडी सोडवायची, धुक्यातून चालायचं आणि समुद्र ऐकायचा. मैत्रिणीला गुहेतली मुलगी आवडायची, मला रखवालदार. गुहेचा खेळ ती खेळत असली की मी डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचे. पाणी ठिबकायचं, कंदिलाची कडी वाजायची. डोळे मिटल्यामुळे भीती कमी व्हायची असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ती वाढायचीच, पण त्या आवाजांची गोडी मला तिथेच लागली.

पुढे मैत्रीण लग्न होऊन पोशीरला गेली. मी नवऱ्याबरोबर शेलूला, स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. ती घरची भातशेती सांभाळून नेरळच्या बिल्डरांना अजून न बांधलेल्या फ्लॅटची चित्रं कंप्युटरवर करून देते. मी कर्जतच्या फार्महाउसवर होणाऱ्या लग्नांच्या व्हिडिओंचा आवाज साफ करते. मंगलाष्टकं ऐकू यावीत आणि जनरेटर ऐकू येऊ नये, एवढंच माझं काम.

एका दुपारी तिचा फोन आला. "तुझा रखवालदार आणि माझी मुलगी भेटले तर?"

मला लगेच कळलं ती काय म्हणतेय. जुन्या खेळांवर जीव असलेले लोक जगभर आहेत. ते मूळ खेळाला घरच्या घरी केलेला एखादा नवा भाग जोडतात, त्याला मॉड म्हणतात. खेळ आपला नसतो, आपण त्याला आपली एक खोली बांधून जोडतो. विकायची नसते. ज्याला हवी तो उतरवून घेतो. आम्ही दोघींनी असे कितीतरी मॉड खेळले होते. पण या दोन मालिका एकमेकींना जोडायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आम्ही घेतलं. ती गुहा आणि बेट रचायची, मी आवाज द्यायचे. दोघींची कामं उरकली की संध्याकाळी फोनवर बोलायचो. अडचण एकाच जागी होती. जमिनीखालची मुलगी समुद्रातल्या बेटावर येणार कशी? मैत्रिणीने मधे एक लेणं काढलं. दगडी खांब, मागच्या भिंतीत कोरलेल्या लहान अंधाऱ्या खोल्या आणि दारात बसलेली एक म्हातारी. मुलगी एका बाजूने येणार, रखवालदार दुसऱ्या बाजूने, आणि दोघांना वाट सांगणार ती म्हातारी. ती कोण, कुठली, ते आम्ही ठरवलं नव्हतं. तिचा आवाज कुणाचा, हे मात्र मला एका फोनमध्येच कळलं.

मैत्रीण बोलत होती आणि मागे तिच्या सासूबाई वासराला दटावत होत्या. "कुठं निगालास? थांब. मागं फीर." आवाज चढलेला नव्हता. पण शेलूला माझ्या स्वयंपाकघरात डबे लावत असलेली मी हातातला डबा घेऊन थांबले.

"त्यांना विचार ना," मी म्हणाले.

मी त्यांना मावशी म्हणते. लहान चणीच्या, मिश्री लावणाऱ्या, कामाशिवाय फारसं न बोलणाऱ्या बाई. पोशीरला जाऊन आम्ही त्यांना ओटीवर बसवलं आणि लॅपटॉपवर लेणं दाखवलं. त्यांनी मुलगी पाहिली, रखवालदार पाहिला.

"ह्या पोरीचं काय हरावलंय?" त्यांनी विचारलं.

"बहीण, मावशी."

"आन ह्या बाबाचं?"

"ते खेळात कुठे सांगितलेलंच नाही."

"मंग इचारायला पायजे," त्या म्हणाल्या आणि जरा वेळाने स्क्रीनकडे बघतच बोलल्या, "तुजं काय हरावलंय ते सांग. मंग वाट सांगते."

आम्ही लिहून नेलेलं सगळं मी पिशवीत परत ठेवलं. म्हातारीचं बोलणं तेच ठरलं. त्याचा छोटा नमुना आम्ही मॉडवाल्यांच्या एका चर्चेच्या पानावर टाकला, तेव्हा कुठल्या कुठल्या देशांतले लोक विचारायला लागले की ही भाषा कुठली आणि ही बाई कोण.

पण ओटीवरचं रेकॉर्डिंग चालेना. कोंबड्या, ट्रॅक्टर, शेजारचा टीव्ही. हे सगळं मी काढू शकले असते, पण लेण्याचा घुमारा कुठून आणायचा? कंप्युटरवर केलेला घुमारा मला बाथरूमसारखा वाटायचा. मैत्रीण म्हणाली, "खऱ्या लेण्यातच जाऊ की. कर्जतच्या पुढे डोंगरात आहे ना ते." मी नको म्हणाले. मावशी म्हणाल्या, "झोडनी उरकली की जाऊ."

झोडणी उरकली, भात घरात आलं आणि थंडीतल्या एका सकाळी आम्ही तिघी निघालो. रिक्षा वाडीपर्यंत जाते, पुढे चढ. मावशी खांद्यावर घडी घातलेली गोधडी टाकून पुढे, त्यांच्या मागे मैत्रीण आणि शेवटी रेकॉर्डरची पिशवी पोटाशी धरून मी. लेण्याला पाटी नाही, तिकीट नाही. पुढचा दिवाणखान्यासारखा भाग उघडा, दोन खांब मोडलेले, आणि मागे अगदी मैत्रिणीने काढल्या होत्या तशाच खोल्या. आत गेल्यावर मी पहिल्यांदा टाळी वाजवली आणि ती भिंतींना लागून सावकाश परत आली. तो घुमारा ऐकून मला इतका आनंद झाला की मी घाबरायचं विसरले.

मग मी मान वर केली. लेण्याच्या कपाळावर, कड्याला, काळी सुपं उलटी टांगावीत तशी मोहोळं होती. आग्या मोहोळ. सुपांचा काळा रंग मधूनच हलायचा, वाऱ्याने भाताचं शेत हलतं तसा.

"मावशी, आपण परत जाऊ," मी म्हणाले.

"त्या त्यांच्या घरात हायत. वर बघू नको, वरडू नको. आपलं काम कर." त्यांनी गोधडी पसरली आणि उन्हाचा कवडसा बघून खांबाला टेकून बसल्या.

मी काम केलं. मान मात्र आतून ताठली होती. मावशी पुढे खांबाजवळ, मैत्रीण त्यांच्या आणि माझ्या मधे उभी आणि मी मागच्या एका खोलीच्या दारात, म्हणजे घुमारा पूर्ण मिळेल. हेडफोन कानावर होता. मावशी एकेक वाक्य बोलत होत्या. त्यांना घाई नव्हती. एक वाक्य झालं की त्या थांबायच्या, जणू समोर खरंच कुणी उत्तर देतंय.

हेडफोनमध्ये खालच्या पट्टीत एक घरघर सुरू झाली. मला वाटलं, वायर सैल झाली. मी ती दाबून पाहिली. घरघर वाढली. मग वाटलं, खाली कुठल्यातरी फार्महाउसवर जनरेटर लावलाय. रोज तेच काढून टाकण्याचं काम करणारी मी, मला दुसरं काही सुचलंच नाही. मी वैतागून हेडफोन काढला. आवाज तसाच होता, फक्त आता तो सगळीकडून येत होता आणि लेण्याच्या दारातलं ऊन मळकं झालं होतं.

मावशी उठल्या. त्या ओरडल्या नाहीत. वासराला थांबवलं होतं त्याच आवाजात म्हणाल्या, "माश्या उठल्या. आत पळा."

मैत्रीण आत पळाली नाही. ती बाहेर, मावशींकडे पळाली. मी तिला ओढायला हवं होतं, हाक मारायला हवी होती, निदान पळायला तरी हवं होतं. मी जागच्या जागी उभी होते. लाइट गेल्यावर बसून राहायची सवय पायांनी अजून सोडली नव्हती. मी पाहिलं की मावशींनी गोधडी उचलली आणि स्वतःवर न घेता सुनेच्या डोक्यावरून टाकली. मग मला त्या दोघी नीट दिसेनात. एक काळा, हलणारा पदर त्यांच्या अंगावर होता आणि तो पदर माझ्याकडे येत होता. त्याच्यातून मैत्रिणीचा हात बाहेर आला, माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही तिघी मागच्या खोलीत कोसळलो.

"दार," मैत्रीण ओरडली. त्या खोलीला दार कुठलं? कोरलेली चौकट फक्त. आम्ही दोघींनी गोधडी चौकटीवर धरली, खालची कड पायाखाली दाबली, वरची कोपऱ्यातल्या फटीत दगडाने ठोकून बसवली. आत आलेल्या माश्या अंधारात फिरत होत्या. त्यांना आम्ही चपलांनी मारलं. माझ्या मानेवर, कानामागे, मनगटावर जाळ झाला. प्रत्येक वेळी वाटायचं की आता ही शेवटची, आणि मग केसांत पुन्हा भुणभुण व्हायची. गोधडीला पलीकडून माश्या धडकत होत्या. गारा पडल्यासारखा आवाज येत होता. त्या कापडाला माझा तळवा टेकलेला होता आणि पलीकडची थरथर मला तळव्यात कळत होती.

आतल्या माश्या संपल्यावर मैत्रिणीने मोबाईलचा उजेड लावला. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. डोळे सुजून मिटत चालले होते, ओठ जाड झाले होते, हातांवर नांग्याच नांग्या. मैत्रीण नखाने खरवडून एकेक नांगी काढायला लागली. "आई, बोला ना. आई, कुठे दुखतंय?" मावशी म्हणाल्या, "दुकत नाय. दम लागतोय जरा."

माझं काम कान देण्याचं. त्या अंधारात मला नको असताना ऐकू येत होतं की त्यांचा श्वास बदलतोय. आधी तो नुसता जोरात होता. मग त्याला बारीक शीळ लागली. मग शीळ आत घेतानाही यायला लागली. मैत्रिणीला ते कळलं नव्हतं, ती नांग्या काढण्यात होती. मी तिला सांगितलं नाही. मी फोन पाहिला. रेंज नव्हती. तिच्याही फोनला नव्हती. चढताना वळणावरच्या मोठ्या दगडापाशी माझा फोन वाजला होता, हे मला आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं त्या क्षणी वाटलं, कारण आठवल्यावर तिथे जावं लागणार होतं.

"कुणीतरी गेलं पाहिजे," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

मैत्रीण मावशींचा हात धरून बसली होती. ती रडत होती. लहानपणापासून तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "मला यांना सोडवत नाहीये गं," ती म्हणाली. "तू जाशील?"

मी हो म्हणाले नाही. मला एवढंच आठवतं की तिने तिचं जॅकेट माझ्या अंगात घातलं, ओढणी डोक्याला आणि तोंडाला गुंडाळली, सलवारीचे पाय मोज्यांत खोचले. बाहेरचा आवाज जरा खाली आला होता, पण गेला नव्हता. मैत्रिणीने गोधडीची खालची कड उचलली आणि मी पालथी होऊन बाहेर सरकले.

मी लेण्याच्या भिंतीला चिकटून सरपटत गेले. हळू जायचं, हात हलवायचे नाहीत, एवढंच डोक्यात होतं. माश्या अंगावर बसत होत्या, ओढणीवर चालत होत्या. डोळ्यांसमोरच्या जाळीदार कापडावर एक माशी बसली आणि मला तिचे पाय दिसत होते. मी डोळे मिटले. आणि मिटल्यावर मला सगळंच ऐकू यायला लागलं, वरचा कडा, खालची झाडी, मागे खोलीतली ती शीळ. मी पुन्हा डोळे उघडले. लेण्याच्या पायऱ्या संपल्यावर मात्र माझा धीर सुटला आणि मी पळाले. पळाल्यावर त्या पाठी लागल्या. करवंदीच्या जाळीत मी घुसले, पडले, काट्यांत तशीच पडून राहिले. किती वेळ, माहीत नाही. मला तिथून उठायचं नव्हतं. पण मी उठले, कारण तिथे पडून राहिलं तरी ती शीळ माझ्या कानात होतीच.

दगडापाशी रेंज आली. ॲम्ब्युलन्सला फोन केला. मैत्रिणीच्या नवऱ्याला केला, तो ठाण्याला कामावर होता. मी काय बोलले ते मला आठवत नाही, त्याने मात्र पुढे सांगितलं की मी फक्त "लवकर या, श्वास वाजतोय" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

बाजूच्या रानातून दोन बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन येत होत्या, वाडीतल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोळ्या टाकल्या. मी त्यांना म्हणाले, आत दोघी आहेत, आत्ताच्या आत्ता चला. त्यांतली मोठी बाई कड्याकडे बघत राहिली.

"आत्ता नाय जायाचं," ती म्हणाली. "आमाला पन भ्या वाटतं. जरा बसू दे त्यान्ला."

"तोपर्यंत त्या मरतील."

मी वळून एकटीच निघाले. तिने माझं मनगट धरलं. सुजलेल्या मनगटावर तिचा हात इतका दुखला की मी खाली बसले. तिने सोडलं नाही. दुसरी वाडीकडे पळत गेली होती. त्या सबंध दिवसातला सगळ्यात वाईट वेळ तो होता. माश्यांमध्ये असताना काहीतरी करायचं होतं. इथे मी नुसती बसले होते आणि समोर लेण्याचं काळं तोंड होतं. मला वाटत होतं की आपण आत गेल्यावर मैत्रीण एकटीच बोलत असेल.

वाडीतले पुरुष आले. ओलं गवत, शेण्या, घोंगड्या. त्यांनी पायथ्याशी धूर केला, तो वर चढू दिला, मग घोंगड्या पांघरून वर निघाले. मला थांबायला सांगितलं होतं. मी थांबले नाही, पण हे धाडस नव्हतं. एकटीने मागे राहायची मला जास्त भीती वाटली.

लेण्यात धुराने काही दिसत नव्हतं. खोलीच्या जवळ आल्यावर मला मावशींचा आवाज आला. घोगरा, तुटका. "तुजं काय... हरावलंय... ते सांग."

मैत्रीण म्हणाली, "चप्पल, आई. एक चप्पल हरवलीय. पुन्हा विचारा."

"तुजं काय हरावलंय."

"शाळेत असताना एक कानातलं हरवलं होतं. पुन्हा विचारा."

मावशींना झोप येऊ नये म्हणून ती इतका वेळ हेच करत होती. मैत्रिणीची उत्तरं संपत आली होती, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. गोधडी काढल्यावर तिने आमच्याकडे पाहिलंही नाही, मावशींच्या तोंडाकडेच बघत होती.

घोंगडीची झोळी करून त्यांना खाली आणलं. ॲम्ब्युलन्स वाडीपाशी उभी होती. कर्जतला दवाखान्यात नेईपर्यंत मी त्यांच्या पायाशी बसून श्वास ऐकत होते. इंजेक्शनं दिली, नळी लावली. डॉक्टर म्हणाले, वाट बघू. आम्हालाही इंजेक्शनं टोचली आणि बाकावर बसवलं.

मैत्रिणीचा नवरा आला तो थेट आईकडे गेला. बाहेर आल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं नाही, बायकोला विचारलं, "कशासाठी गेला होता?"

"आवाज घ्यायला."

"कसला?"

"खेळासाठी."

"खेळासाठी," तो म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. तो परत आत गेला. मैत्रीण बाकावर बसून स्वतःच्या एका पायातल्या चपलेकडे बघत राहिली. आमचं काम इथे संपलं, असं मला तेव्हा वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

मावशी वाचल्या. संध्याकाळपर्यंत श्वासातली शीळ गेली, दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला. सूज उतरायला बरेच दिवस गेले. माश्या कशाने उठल्या, ते आम्हाला कधीच कळलं नाही. कुणी म्हणालं, खालच्या मैदानात लग्नाच्या फोटोंसाठी ड्रोन उडत होता. कुणी म्हणालं, मोहोळावर पक्ष्याने झडप घातली असेल. मी पुष्कळ दिवस माझ्याच टाळीचा विचार करत होते.

मी घरी आले ते एक वेगळीच भीती घेऊन. बिल्डिंगचा पंप सुरू झाला की मी अंघोळ करता करता नळ बंद करायचे. फ्रिजचा आवाज मला चालेना. नवऱ्याने तो भिंतीपासून पुढे ओढला, खाली रबराचे तुकडे घातले, तरी मी स्वयंपाक करताना त्याच्याकडे पाठ करत नसे. लग्नाचे व्हिडिओ आले की जनरेटरचा भाग मी नवऱ्याला ऐकायला लावायचे. रेकॉर्डर वाडीतल्या एका माणसाने आणून दिला. तो बॅटरी संपेपर्यंत चालू होता. त्यातलं कार्ड मी मैत्रिणीला दिलं, मला ते ऐकायचं नव्हतं. तिने एकटीने ऐकलं आणि फोनवर एवढंच म्हणाली, "हे वापरायचं नाही."

मॉड तसाच पडला. चर्चेच्या पानावर लोक विचारत होते, म्हातारीचं पुढे काय झालं? आम्ही उत्तर दिलं नाही.

होळी होऊन गेल्यावर मी पोशीरला गेले. मैत्रीण आणि मी इकडचं तिकडचं बोलत होतो. मावशी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "ती पोर बसलीय का आजून तितंच?"

"कोण पोर?" मैत्रिणीने विचारलं.

"कंदीलवाली. माज्या म्होरं बसवलीत तिला. वाट सांगितली का नाय कुनी?"

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. तिचा नवरा दारात बूट काढत होता. तो आत गेला नाही, तिथेच थांबला. मी म्हणाले, "मावशी, आता तिथे जायचं नाही."

"तितं कोन जातंय?" त्या म्हणाल्या. "हितं टाकी हाय की नवी."

घरामागे सिमेंटची पाण्याची टाकी बांधून झाली होती, अजून भरायची होती. वर माणूस उतरेल एवढं चौकोनी तोंड, आत लोखंडी शिडी. मैत्रिणीच्या नवऱ्याने कुणी न सांगता झाकण बाजूला केलं आणि आत उतरून बॅटरीच्या उजेडात सगळे कोपरे बघून आला. "काही नाही आत," तो माझ्याकडे बघून म्हणाला. त्या दिवसानंतर तो माझ्याशी थेट बोलला तो तेव्हाच.

मावशी शिडीवरून उतरल्या. मैत्रीण उतरली. माइक लावायला मला उतरायचं होतं. मी तोंडाशी गेले, एक पाय आत टाकला आणि तिथेच अडकले. खालून गार, ओल्या सिमेंटचा वास येत होता आणि त्या दोघींचं साधं बोलणंही टाकीत घुमत होतं. शेजारच्या आंब्याला मोहोर होता, त्याच्याभोवती साध्या माश्या होत्या, लहान. मला ते माहीत होतं. माझे पाय ऐकेनात.

"मला जमत नाहीये," मी म्हणाले.

"मंग नको येऊ," मावशी खालून म्हणाल्या. "वायरीनं सोड तो माइक. मी धरते."

मी झाकणापाशी बसले आणि वायर हळूहळू खाली सोडली. मावशींनी माइक हातात घेतल्याचा खरखरीत आवाज हेडफोनमध्ये आला. मैत्रीण खाली कुजबुजली, "तोंडापासून जरा लांब, आई." मग त्यांनी त्या पोरीला विचारलं आणि थांबल्या. मग तिला वाट सांगितली. डावीकडची, पाण्याच्या बाजूची. खालून त्यांचा श्वास स्वच्छ येत होता. मी तो मुद्दाम दोनदा ऐकला.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

माझी नजर आंब्यावर होती आणि पाठीवर काटा होता. "अजून एकदा घेऊ, मावशी," मी म्हणाले. "रखवालदाराचं राहिलंय."